तांबड्या घोडीची पाठवणी

"ती माजी घोडी हाय," आकाराम म्हणाला.

"हुती," तानुबाई म्हणाली आणि पुढचं दळण गिरणीत ओतायला वळली.

गिरणी चालू होती, त्यामुळे दोघांनाही ओरडूनच बोलावं लागत होतं. आकाराम उंबऱ्याच्या अलीकडे उभा होता. चाळिशीचा, हाडापेरानं दणकट गडी. पण उभा होता तो मास्तरांनी वर्गाबाहेर काढल्यासारखा. दळणाला आलेल्या दोघीजणी डबे तसेच ठेवून कान देऊन उभ्या राहिल्या. तानुबाईनं मोटार बंद केली. एकदम सगळं शांत झालं आणि आकारामचं पुढचं वाक्य गरजेपेक्षा कितीतरी मोठ्यानं बाहेर पडलं.

"माजी हाय म्हंतो मी! फोनवर फोटू बगितला तिचा!"

"आरडू नगंस. ऐकू येतंय मला," तानुबाई म्हणाली. "कवा हरवली रं?"

आकाराम पायानं उंबरा खरवडू लागला.

"हरवली व्हय?"

"न्हाई," तो खाली बघत म्हणाला. "सोडली."

दोघींपैकी एकीनं पदर तोंडाला लावला. तानुबाईनं हातावरचं पीठ झटकलं.

"कुठला पाय दुखावलाय तिचा?"

"फुडचा. उजवा."

"म्हंजे ठावं हुतं तुला."



बारा दिवसांपूर्वीची गोष्ट. आष्ट्याच्या बाहेर, कालव्याच्या अंगाला ऊस तुटून गेलेल्या रानात एक तांबडी घोडी उसाचे शेंडे, वाडं, चघळत उभी असल्याचा निरोप तानुबाईला आला होता. असे निरोप तिलाच यायचे. तिनं गिरणीला कुलूप लावलं आणि चालत गेली. घोडी तीन पायांवर उभी होती. उजवा पुढचा पाय ती नुसता टेकवत होती, त्यावर भार देत नव्हती. खांद्यावर गाडीच्या पट्ट्यानं पडलेली जखम चिघळली होती. बरगड्या मोजता येत होत्या. तानुबाईनं तिच्या तोंडापुढे मूठभर पेंड धरली. घोडीनं आधी तिच्या हाताचा वास घेतला आणि मग पेंड खाल्ली. रानातून घरापर्यंतचं दोन किलोमीटर अंतर यायला दोघींना अख्खा दिवस लागला.

तानुबाईचं माहेर आटपाडीकडचं, मेंढरं राखणारं. लहानपणी मेंढरांचा वाडा एका गावाहून दुसऱ्या गावाला हलायचा तेव्हा सगळा संसार तट्टावर लादलेला असायचा. भांडी, घोंगडी, नुकती जन्मलेली कोकरं, डालग्यातल्या कोंबड्या, आणि सगळ्यांत वर चार-पाच वर्षांची तानू. लग्न होऊन ती आष्ट्याला आली. नवऱ्यानं पिठाची गिरणी टाकली, आणि मेंढरं, तट्टं सगळं मागे राहिलं. नवरा गेल्यावर गिरणी तिनंच चालवली. मग नऊ वर्षांपूर्वी एका लग्नाच्या वरातीत पाय घसरून पडलेला पांढरा घोडा लोक गिरणीसमोरच सोडून गेले. तिनं त्याला घरामागच्या परड्यात बांधलं. तिथून ते सुरू झालं. आजवर चौदा घोड्यांना तिनं चांगलं करून घरं बघून दिली होती. कुणाच्या आमराईत, कुणाच्या डोंगराकडच्या रानात, एक तर शाळेच्या संस्थेनं मुलांसाठी नेला होता.

लोक आधी हसत. "तानुबाई घोड्यांच्या सोयरिकी जमवती," म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे, कारण ती खरोखरच सोयरीक जमवल्यासारखी चौकशी करायची. पाणी कुठून आणता, सावली किती, घरात दारू कोण पितं, रात्री कुणाला जाग येते. आणि घोडा दिल्यावर कधीही, न कळवता, एसटीनं जाऊन बघून यायची. तासगावच्या एका बागाईतदाराकडे अशीच गेली तर घोडा आखूड दाव्यानं उन्हात बांधलेला. तिनं एका शब्दानं भांडण केलं नाही. दावं सोडलं आणि घोड्याला घेऊन चालायला लागली. तासगाव ते आष्टा, दोन दिवस. वाटेत एका देवळात मुक्काम केला. गावात शिरली तेव्हा पाय सुजले होते आणि मान ताठ होती. त्यानंतर गावात कुणी हसलं नाही.

तर अशा बाईच्या दारात आकाराम आला होता.

"मी न्ह्यायला आलोय," तो म्हणाला. "चुकी झाली. माफी मागतो."

"माज्याकडं माफी मागून काय व्हणार? खूर तिचा पिकलाय, माजा न्हाई." तानुबाई परड्याकडे चालू लागली तसा तोही मागून गेला. "डाक्टरनीनं सांगितलंय, सकाळ-संध्याकाळ कोमट मिठाच्या पान्यात पाय बुडवून ठिवायचा. अर्धा अर्धा तास. मग औषद भरून पट्टी. उद्या सातला ये. धू पाय. मग बगू."

"किती दिवस?"

"बरी हुईस्तवर."

परड्यात घोडीनं त्याला पाहिलं. तानुबाईला वाटलं होतं, मालकाला बघून ती खिंकाळेल. घोडीनं कान मागे टाकले, आणि लंगडत लंगडत, एवढ्या दुखऱ्या पायानं, सगळी वळून पाठ करून उभी राहिली.

आकारामच्या तोंडाचा रंगच गेला. तो मोटारसायकलवर बसून निघून गेला. तानुबाईला वाटलं, हा काही आता येत नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मोटारसायकल दारात होती.

डॉक्टर उत्कर्षा आठवड्यातून दोनदा यायच्या. जनावरांच्या डॉक्टर, वय तिशीच्या आतलं, बोलणं स्पष्ट. आकारामला परड्यात बघून त्यांनी तानुबाईला बाजूला घेतलं.

"मावशी, हा तोच ना, सोडून गेलेला? याच्यावर तक्रार करायला हवी. मी लिहून देते."

"द्या की. म्हंजे दंड भरंल आन् सुटंल," तानुबाई म्हणाली. "हितं मातूर त्येला रोज यावं लागंल."

डॉक्टर हसल्या नाहीत. पण त्यांनी कागदही काढला नाही. घोडीचा पाय उचलून त्यांनी खुराखाली बघितलं. "नालाचा खिळा चुकीचा बसला होता, तो आत पिकला. ते बरं होईल. पण वरची नस गेलीय. चालेल, हळू पळेलही. गाडीला मात्र पुन्हा कधी जुंपायची नाही. एकदा जरी शर्यतीत पळवली ना, तर बसेल ती कायमची."

हे त्या आकारामकडे बघूनच म्हणाल्या. आकाराम बादलीत हात घालून पाणी किती कोमट आहे ते बघत होता. त्यानं नुसती मान हलवली.

पहिले तीन दिवस घोडीनं त्याला पाय दिला नाही. तो गुडघ्यावर बसायचा, ती सरकायची. तो पुन्हा बसायचा. तानुबाई गिरणीच्या खिडकीतून बघायची. मदतीला गेली नाही. पाणी गार झालं की तो उठून पुन्हा तापवून आणायचा. चौथ्या दिवशी घोडीनं पाय उचलून दिला. आकाराम त्या पायावर डोकं टेकून बराच वेळ तसाच बसला. तानुबाईनं तोंड फिरवलं. ते तिचं बघायचं नव्हतं.

हळूहळू तो बोलू लागला. कृष्णाकाठचं गाव, दोन भावांत मिळून ऊस, आणि लहानपणापासून एकच वेड, घोडागाडीची शर्यत. ही घोडी त्यानं शिंगरू असल्यापासून वाढवली होती. जिंकायची. लोक त्याला तिच्या नावानं ओळखायचे. मग एका यात्रेत, शेवटच्या फेरीला, तिचा पाय मुडपला. "मला कळलंतं, मावशी," तो एकदा पट्टी बांधता बांधता म्हणाला. "लगामातनं कळतंय. तरीबी मी चाबूक मारला. निशाणाला पंचवीस कासरं राह्यलं हुतं नुसतं." नंतर ती दारात लंगडत उभी राहायची. येणारा-जाणारा विचारायचा. "तिच्याकडं बगवंना मला. म्हून सोडली. उसाचं रान हाय, खायला मिळंल, असं मनाला सांगितलं."

तानुबाई उठून गिरणीकडे गेली. तिला स्वतःचा बाप आठवला होता.

दोन महिने गेले. घोडीच्या अंगावर मांस आलं, तकाकी आली. कपाळावरचा पांढरा टिळा उठून दिसू लागला. आता मोटारसायकलचा आवाज रस्त्यावर आला की ती मान वर करून खिंकाळायची. तानुबाईनं मात्र आपल्या पद्धतीनं एक घर बघून ठेवायचं ठरवलं होतं. मेढ्याचे एक निवृत्त सुभेदार, हंबीरराव, यांचा डॉक्टरांकडे फोन आला होता. त्यांच्याकडे महाबळेश्वरला पर्यटकांना फिरवून म्हातारा झालेला एक घोडा होता. त्याचा जोडीदार गेला, तेव्हापासून तो खात नव्हता. सोबतीला एखादी घोडी हवी होती.

तानुबाईनं पहाटेची गाडी धरली. इस्लामपूर, सातारा, मग मेढा, तीन एसट्या बदलून दुपारी ती पोचली. घरात सुभेदार नव्हते. त्यांची सून, शिवांजली, डोक्याला पदर गुंडाळून घोड्याचा गोठा झाडत होती. आपण कोण हे तानुबाईनं सांगितलं नाही.

"पोरी, जरा पानी दे गं. लांबनं आलोय."

"बसा आजी," शिवांजली म्हणाली. "येवढी बादली घोड्याला दावते आन् आलेच. त्यो हाक मारतोय कवापासनं."

तानुबाई ओट्यावर बसली. गोठ्यात वारा खेळत होता, पाण्याचं कुंड शेवाळ न धरलेलं, वर डोंगरापर्यंत गवताण. तहानेनं तिचा घसा कोरडा पडला होता, आणि तिला फार बरं वाटत होतं. पाणी पिऊन झाल्यावर तिनं आपलं नाव सांगितलं. शिवांजली एवढी ओशाळली की तिनं धावत जाऊन चहा टाकला.

परतताना तानुबाई अर्ध्या वाटेपर्यंत खूश होती. कराडच्या पुढे तिला आकाराम आठवला. सकाळी सातला, थंडीत, अठरा किलोमीटर येणारा. एक दिवस खाडा नाही. ऊसतोडीची टोळी रानात असतानाही नाही. घोडी त्याच्या खिशात तोंड घालायची आता. मेढ्याचं घर चांगलं होतं; पण माणूस इतका बदलला असेल तर त्याचं जनावर त्याला का देऊ नये? आयुष्यात तिनं घोडा पुन्हा जुन्या मालकाला कधी दिला नव्हता. एसटीच्या खिडकीला डोकं टेकवून तिनं ठरवलं, या खेपेला द्यायचा.

चैत्र लागला. डॉक्टरांनी शेवटची पट्टी सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी आकाराम नेहमीसारखा बादली घेऊन परड्यात आला, तेव्हा तानुबाई तिथंच उभी होती.

"बादली ठीव खाली," ती म्हणाली. "आता धुवायचं काम न्हाई. जा घिऊन तिला. तुजी हाय."

आकारामनं बादली खाली ठेवली. हसेल, रडेल, पाया पडेल असं तिला वाटलं होतं. तो भिंतीला टेकून खालीच बसला.

"काय रं? काय झालं?"

"मला नगा दिऊ, मावशी."

"का? तुजा भाव नगं म्हंतोय?"

"न्हाई. त्येचं काय न्हाई." त्यानं तळहातांकडे बघितलं. "सोमवारी यात्रंला गेलतो. बगायला. झेंडा पडला, गाड्या सुटल्या, आन् माजं हात आपसूक वडलं गेलं. हातात लगाम न्हाई, काय न्हाई. आन् मनात आलं, ही असती तर आज पयला आलो असतो. पाय बरा दिसतोय, येक फेरी मारली तर काय व्हतंय. आसं आलं मनात. तीन महिनं हितं बसून खूर धुतला, डाक्टरीन काय म्हनल्या ते कानानं ऐकलं, आन् तरीबी आलं."

त्यानं बादली बाजूला सारली.

"माज्या दारात ऱ्हायली तर आज न्हाई, पुढच्या वर्सी न्हाई, पर कवातरी मी तिला जुपणार. चार जण म्हनतील, हाण रं गड्या, आन् मी हाणणार. मला माजं ठावं हाय. डाक्टरीन मेढंवाल्यांचं बोलत हुत्या न्हवं, तुमी त्यांस्नी द्या."

घोडी दोघांच्या मधे येऊन उभी राहिली होती. तानुबाई त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. साठी ओलांडलेल्या त्या बाईनं हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"माजा बा मेंढरं राखायचा. आमचं येक तट्टू हुतं. जन्मापासनं मी त्येच्या पाठीवर. येका सालाला त्येचं पाय गेलं. वाडा हलवायचा हुता, थांबता येत नव्हतं. बानं त्येला वढ्याकाठाला सोडलं आन् आमी फुडं निगालो. मी मागं वळून बगत हुतो. ते बी बगत हुतं." तिनं घोडीच्या खुरावरून हात फिरवला. "त्येनंतर बा वीस वरीस जगला. मरस्तवर त्या तट्टाचा सबूद त्येच्या तोंडातनं आला न्हाई. तू सकाळच्या पारी माज्यासमोर बसून बोललास. लय मोठं काम केलंस, आकाराम."

आकारामनं मान वर केली नाही. पण थोड्या वेळानं उठला, बादली धुतली, पालथी घातली, आणि विचारलं, "कवा न्ह्यायची? मी येतो संगं. ती पिकअपमदी दुसऱ्या कुनाचं ऐकायची न्हाई."

शेजारच्या जयराजची पिकअप ठरली. हौद्यात उसाची चिपाडं अंथरली. घोडी फळीवर पाय ठेवेना तेव्हा आकाराम आधी चढला, तिच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि नुसती जीभ टाळ्याला लावून आवाज केला. ती चढली. सगळ्या वाटेत तो हौद्यातच तिच्या मानेशी उभा होता. उंब्रजजवळ थांबून पाणी पाजलं. साताऱ्यात सिग्नलला लोक फोन काढून फोटो घेऊ लागले, तर तो आणि घोडी दोघंही सरळ समोर बघत राहिले.

मेढ्याला हंबीरराव इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे होते. पन्नास पावलांवरून त्यांनी घोडीची चाल बघितली, आणि मिशीवरून हात फिरवला.

"काय म्हेनत घेतलीय हो बाई तुमी! आमच्या पलटणीत आसं जनावर आलं आसतं तर सायबानं पाठ थोपटली आसती."

"मी न्हाई," तानुबाई म्हणाली. "ह्येनं घेतली. ह्यो आकाराम. घोडी ह्येची हाय, आन् ह्योच दितोय तुमाला."

आकाराम दचकला. समोर बघायलाही त्याला धीर नव्हता; पण हंबीररावांनी पुढे येऊन त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "बिलकुल काळजी करायची न्हाई, पाव्हनं. कवाबी या. दार उगडं हाय."

म्हातारा घोडा कुंपणापर्यंत आला होता. दोघांनी एकमेकांच्या नाकपुड्या हुंगल्या. शिवांजलीनं कुंडात ताजं पाणी सोडलं.

"नाव काय हिचं?" हंबीररावांनी विचारलं.

तानुबाईला माहीत नव्हतं. ती कुठल्याच घोड्याचं नाव ठेवायची नाही. घर मिळेल तिथं ठेवतील, म्हणायची. आणि या तीन महिन्यांत आकारामच्या तोंडूनही तिनं ते ऐकलं नव्हतं. ते घ्यायचा हक्क आपला राहिला नाही असं त्याला वाटत असावं.

"मैना," आकाराम म्हणाला. घोडीनं कान टवकारले. त्यानं पटकन दावं हंबीररावांच्या हातात दिलं. "पर सायेब, आत्ता हाक मारू नगा. मी हाय तवर ती माज्याकडंच यील. मी त्या वळनाच्या फुडं गेलो की मारा."

आणि तिच्या अंगावरून हात न फिरवता तो उताराच्या रस्त्यानं चालू लागला.

दर वेळी घोडा देताना तानुबाई अर्धा तास सूचना करायची. आज तिनं फक्त हात जोडले आणि पिकअपमध्ये बसली. वळणाच्या पुढे आकाराम रस्त्याच्या कडेला, वरच्या घराकडे पाठ करून उभा होता. तिनं जयराजला गाडी बंद करायला सांगितलं आणि उतरून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

वरून हंबीररावांचा परेडच्या मैदानावरचा आवाज आला. "मैनाऽऽ!"

काहीच झालं नाही. आकारामच्या मुठी आवळल्या. डोंगरावरून वारा आला आणि गेला.

मग शिवांजलीचा आवाज आला, हळुवार. "मैनेऽ, ये गं. ये बाय."

मग मुरमाच्या वाटेवर टापा वाजल्या. आधी अडखळत, दोन-तीन, जणू ती अजून मागे बघत असावी. मग एकसारख्या, दुडक्या, वर वर जाणाऱ्या. गवतात शिरल्यावर त्या ऐकू येईनाशा झाल्या.

"गेली," आकाराम म्हणाला.

"आपल्या पायानं गेली," तानुबाई म्हणाली.

त्यानं बाहीनं तोंड पुसलं, पिकअपचं दार उघडलं, आणि तानुबाई चढून नीट बसेपर्यंत ते धरून ताठ उभा राहिला.